रवाना आणि रुजू

हिरव्या शाईचा टाक वहीवर टेकला आणि तिथंच राहिला. टाक एका जागी टेकवून ठेवला की कागद शाई पितो, हे हरिश्चंद्र भाटकराला कुणी शिकवायला नको होतं. तरी त्याच्या डोळ्यांदेखत ठिपका मिरीएवढा झाला, मग वाटाण्याएवढा झाला, आणि मागच्या पानावर उमटला तेव्हा कुठं त्यानं हात उचलला. सकाळपासून त्यानं दीडशेवर खुणा केल्या होत्या. कंपनीची गलबतं अकरा, आणि गलबतवहीत प्रत्येकाच्या खेपा लिहिलेल्या. डाव्या अंगाला ‘रवाना’, तारीख, तांडेलाचं नाव, माल. उजव्या अंगाला ‘रुजू’ आणि परत आल्याची तारीख. बंदराच्या पावत्या शेजारी ठेवून तो दोन्हीकडचं ताडून बघत होता आणि जुळलं की हिरवी खूण करत होता. रवाना, रुजू, खूण. रवाना, रुजू, खूण. हाताला लय लागली होती, भात कांडताना लागते तशी. आणि मग ‘रहेमानी’चं पान आलं. रवाना, ११ नोव्हेंबर १९३१. तांडेल अस्लम दाऊद. माल सुकी मासळी, मलबाराकडे, येताना कौलं. उजव्या अंगाला काही नाही. खोडलेलं नाही, शेरा नाही, नुसता कोरा कागद. पुढच्या वर्षाच्या वहीत पुन्हा ‘रहेमानी’, रवाना, मागील पानावरून पुढे चालू. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. आज १९३५चा फेब्रुवारी. शेवटच्या पानावर कंपनीच्या मालमत्तेची यादी होती, तिच्यात ‘गलबत रहेमानी, रु. ४२००’ असं ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं. खिडकीतून खाली धक्का दिसत होता, माणसं पोती उतरवत होती, ऊन लखलखीत होतं. हरिश्चंद्रानं ‘रहेमानी’चं पहिलं पान पुन्हा उघडलं.

भला माणूस अजून दोन महिन्यांचासुद्धा ऑडिटर नव्हता. डिसेंबरात त्याच्या नावाचा लांबट लखोटा आला, तेव्हा नावामागं आर. ए., म्हणजे रजिस्टर्ड अकाउंटंट, ही दोन अक्षरं इंग्रजीत होती. पोस्टमन जुना. रा. रा. हे नावापुढं लागतं एवढं त्याला ठाऊक, म्हणून त्यानं गावात, भाट्याच्या चार घरांत सांगितलं, ‘भाटकराच्या झिलाला सरकारनं मागनं रा. लावलाय. म्हणजे मोठा मान दिसतोय.’ आईनं लखोट्यातला कागद उजेडाकडं धरून उलटसुलट बघितला आणि विचारलं, ‘देवी काढल्याचा दाखला देतात तसलाच काय रे हा?’ हरिश्चंद्र हसला होता. पण तिला नीट सांगायला गेला आणि त्याची जीभ अडखळली. मुंबईत सात वर्षं. दिवसा फोर्टातल्या मिस्त्रीसाहेबांच्या हापिसात उमेदवारी, संध्याकाळी कॉलेजचे वर्ग, गिरगावात एका खोलीत नऊ गाववाले. परीक्षेत दोनदा गचका खाल्ला. दुसऱ्या खेपेला बापानं पत्र लिहवून घेऊन कळवलं होतं, ‘माडावर चढताना पाय निसटला तर निसटलेल्या जागेकडं बघू नये, वर बघावं.’ बापाचा सारा जन्म माडी काढण्यात गेला, त्याला वर बघण्यावाचून दुसरं माहीतच नव्हतं. तिसऱ्या खेपेला हरिश्चंद्र पास झाला, आणि मग सरकारी रजिस्टरात त्याचं नाव चढलं. तर त्या कागदात होतं काय? पगार नव्हता, हुद्दा नव्हता, खुर्ची नव्हती. एवढंच होतं, की या माणसानं एखाद्या कंपनीचा ताळेबंद तपासून ‘बरोबर आहे’ म्हणून सही केली, तर ज्यांनी ती कंपनी कधी डोळ्यांनी पाहिली नाही अशांनी ते खरं मानावं. हे आईला कसं सांगायचं? त्याला स्वतःलाच ते पेलत नव्हतं. कागद आला त्या दिवशी तो वाळूत जाऊन बसला आणि खाडीकडं बघत राहिला. माणूस माणसावर विश्वास ठेवतो तो घराणं बघून, शेजार बघून, चार वर्षं घासून. इथं ठाण्याचा नाहीतर कराचीचा कुणी, कधी न भेटलेला, आपल्या सहीवर भरवसा ठेवून झोपणार. आनंद असेल असं त्याला वाटलं होतं, पण देवळाच्या गाभाऱ्यात पहिल्यांदा एकट्यालाच पाऊल टाकू दिलं तर वाटेल तसं ते काहीतरी होतं.

‘महिपतराव,’ त्यानं हाक मारली, ‘हे रहेमानीचं काय?’

महिपतराव तोडणकर कंपनीचे कारकून. साठी उलटलेले, गलबतवही पहिल्या पानापासून त्यांच्या हातची. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पान बघितलं आणि चष्मा परत खाली घेतला. ‘रुजू नाय झालं,’ ते म्हणाले.

‘ते दिसतंय. पण म्हणजे काय झालं?’

‘म्हणजे रुजू नाय झालं, भाटकर. ह्या वहीत दोनच शब्द आहेत. गेलं ते रवाना, आलं ते रुजू. तिसरा शब्द मी कुठनं आणू?’ मग आवाज खाली आणून ते म्हणाले, ‘हा शब्दसुद्धा अस्लमनाखव्यानंच शिकवला मला. मी आपलं ‘आले’ असं लिहीत होतो. नाखवा म्हणाला, रुजू लिवा. अरबीतला शब्द आहे, अर्थ परत येणं. आमच्या मजगतीत मौलवीसाहेब सांगतात, सगळ्यांनाच एक दिवस रुजू व्हायचंय. मी म्हटलं, नाखवा, आम्ही हापिसात कामावर येतो त्यालाही रुजू म्हणतो, आणि मूळ कागदाशी ताडून बघितलं की त्यालाही रुजू घातलं म्हणतो. तर केवढा हसला. म्हणाला, मग झालं तर, एकच काम.’

हरिश्चंद्र टाकाकडं बघत राहिला. सकाळपासून दीडशे वेळा तो रुजू घालत होता आणि शब्दाकडं त्याचं लक्षही नव्हतं. शब्द वापरून वापरून गुळगुळीत होतात. कुठल्या अरबस्तानातल्या बंदरातून हा निघाला, कुणाच्या गलबतातून इथं उतरला, आणि आता इथं बसून हजारभर माणसं परत आणत होता. कारण प्रत्येक खुणेमागं एक गलबत आणि त्यात सातआठ माणसं होती. कुणी घाटीवरून ओरडलं असेल ‘आलं, आलं’, कुणी चुलीवर तांदूळ वाढवले असतील. मुंबईत त्यानं सुताच्या गाठी मोजल्या, पिपं मोजली, बँकेचे रोखे मोजले. मिस्त्रीसाहेब पहिल्याच दिवशी म्हणाले होते, ‘जे बघितलं ते लिव, भाटकर. नाय बघितलं ते बघितलं म्हणून लिवू नको. बस, एवढीच आपली विद्या हाय, बाकी सगळी बेरीज.’ तेव्हा त्याला वाटलं होतं, साहेब चेष्टा करतात. एवढ्या जाड जाड पुस्तकांत एवढंच असेल कसं?

‘आधीच्या वर्षी तपासणी झाली नव्हती?’ त्यानं विचारलं.

‘झाली ना. शाळेतले मास्तर यायचे. नारळ आणि पाच रुपये. पान उलटलं की सही.’ महिपतराव हसले नाहीत. ‘ते चांगले होते. रहेमानीशी आले की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते पान उलटायचे. आता कायदा बदलला, सर्टिफिकेटवालाच पायजे म्हणतात.’

गंगारामशेट त्याच वेळी जिना चढून वर आले. कंपनीचे चेअरमन. धिप्पाड माणूस, बोलणं गोड, पण व्यवहाराला पक्का. येता येता त्यांनी हरिश्चंद्राच्या पाठीवर थाप मारली. ‘काय ऑडिटरसाहेब? हिरवळ झाली का सगळी?’ आणि महिपतरावांच्या तोंडाकडं बघून ते समजले. खुर्ची ओढून बसले. ‘हे बघा,’ ते म्हणाले, ‘लपवाछपवी नाय. मार्चात आपण नवे शेअर काढतोय. मोटरलाँच घ्यायची आहे. मुंबईत आपले खलाशी आहेत, गोदीत आहेत, गिरण्यांत आहेत. पाच पाच रुपयांनी घेतील. पण ताळेबंदावर सर्टिफिकेटवाल्याची सही पायजे. अकराशे नफा दिसतोय. रहेमानी काढलीत की एकतीसशे तोटा. मग कोण घेतो शेअर?’

‘पण शेट, गलबत नाही आहे.’

‘नाही आहे असं तुम्ही कसं म्हणता? तुम्ही बघितलं बुडताना?’ शेट पुढं झुकले. ‘कुणी नाय बघितलं. वेंगुर्ल्याखाली शेवटचं दिसलं. सवा तीन वर्षं झाली खरी. पण दर्यात माणसं सापडलीत दहा दहा वर्षांनी. कुणी आफ्रिकेला लागलं, कुणी लंकेला. आणि मला काय, मी उद्या काढतो रहेमानी. पण साबेराबी? कंपनीत सगळ्यांत जास्त शेअर त्यांचे. नवऱ्याची, अस्लमनाखव्याची, तीन गलबतं त्यांनी कंपनीत घातली. मी एकदा तोंडातून काढलं, बीबी, रहेमानी खर्ची टाकू या. तर त्या एवढंच बोलल्या, नाखव्याला खर्ची टाकणार शेट? मी उठून आलो. काजीसुद्धा त्यांना विधवा म्हणायला धजला नाय, तिथं तुम्ही टाकाच्या एका फटकाऱ्यात म्हणणार?’ मग ते उठले, आणि गोड आवाजातच म्हणाले, ‘तुमचा धंदा आता सुरू होतोय, भाटकर. ह्या जिल्ह्यात कंपन्या मूठभर. पहिल्याच घरात अवलक्षण नको. नाय जमलं तर मुंबईस्न माणूस येतो, आगबोटीचं भाडं आम्ही देऊ. संध्याकाळपर्यंत सांगा.’

पेचात सापडला बिचारा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. कागदपत्रं पिशवीत घालून तो खाली उतरला, धक्क्यावरून बाजारपेठेत आला, आणि आपण कुठं चाललोय हे त्याचं त्यालाच कळेना. सही केली तर पहिलीच सही खोटी. मुंबईत गोदीत पोती वाहणारा कुणी गोताड नाहीतर पावसकर, पाच रुपये फडक्याच्या गाठीतून सोडून देणार. त्यात एक गलबत असं विकत घेणार जे समुद्राच्या पाठीवर नाही. आणि का देणार? तर खाली भाटकर म्हणून सही आहे. नाही केली तर मुंबईचा माणूस येईल, आणि तोही कदाचित पान उलटील, आणि भाटकराला मग जन्मभर कुणाच्या तरी दुकानात कारकुनी. पण या दोन्हींपेक्षा तिसरीच गोष्ट त्याच्या छातीवर बसली होती. पुस्तकात ‘मालमत्ता’ हा शब्द त्यानं हजार वेळा वाचला होता. एका ओळीत लिहायचं, दुसऱ्या ओळीत काढायचं, दोन्हीकडं बेरीज जुळली की झालं. आणि इथं एका ओळीत आठ माणसं उभी होती. ती ओळ आहे तोवर ती कुठंतरी आहेत, वाऱ्याची वाट बघत, कौलं भरून. ओळ काढली की नाहीत. एवढी ताकद त्या रेघेत आहे, हे सात वर्षांत एकाही पुस्तकानं त्याला सांगितलं नव्हतं. त्याला बाप आठवला. माडाच्या शेंड्यावर कमरेला दोर लावून बसलेला, खाली बघत नसे. एकदा हरिश्चंद्रानं विचारलं होतं, ‘बाबा, भ्या नाय वाटत?’ तर बाप म्हणाला, ‘वाटतं तर. भ्या वाटतं म्हणून तर दोर घट्ट बांधतो.’ हे आठवलं आणि चालता चालता त्यानं पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळून घेतला. मग त्याच्या ध्यानात आलं, की आपण साबेराबींच्या मोहल्ल्याच्या, राजिवड्याच्या उताराला लागलोय, आणि पाय पिशवीतल्या कागदांपेक्षा शहाणे आहेत. ऑडिटरला कुणाकडंही खुलासा मागायचा हक्क असतो. ज्याला सगळ्यांत जास्त माहिती आहे, त्याच्याकडं आधी जावं.

साबेराबींचं घर खाडीच्या कडेला होतं. ओट्यावर त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. पंचेचाळिशीच्या, उंच, हातात गडद हिरवी काकणं. त्यांची लेक नसीमा दारातून डोकावली आणि आत जाऊन तांब्याभर पाणी घेऊन आली. हरिश्चंद्रानं आपलं नाव, काम, सगळं सांगितलं. हातात पाण्याचा तांब्या तसाच राहिला.

‘ते सर्टिफिकेटवाले तुम्हीच होय,’ साबेराबी म्हणाल्या. ‘बसा. रहेमानीचं विचारायला आलात.’

‘होय. तुम्हाला काही कळलंय का, हे विचारायला आलो. पत्र, निरोप, कुणी पाहिलं असलं, काही. काहीही असलं तरी मी ते लिहीन.’

त्या तांदळातले खडे वेचत राहिल्या. ‘तीन वर्षांत पंधरा जण आले,’ त्या म्हणाल्या. ‘एक म्हणाला मंगळुराच्या बाजारात बघितला. त्याला मी जेवू घातलं. एक म्हणाला सपनात आला, परतीच्या वाटेवर आहे. माझा दीर म्हणतो, भाबी, सबर. माझा भाऊ म्हणतो, आपा, झालं गेलं, कबूल कर. शेट म्हणतात, दर्याचं काय सांगावं. काजीसाहेब दोनदा येऊन गेले. सगळे माझे. ज्याची माया जास्त तो म्हणतो येईल. ज्याला माझी दया येते तो म्हणतो गेला. बघितलं कुणीच नाय.’ मग त्यांनी मान वर केली. ‘तुम्ही काय लिवणार आहात?’

हरिश्चंद्राला वाटलं होतं, ठरवायला संध्याकाळ आहे. पण प्रश्न झाला आणि वाक्य त्याच्या मनात आधीपासून उभंच होतं, जणू कुणीतरी आपल्या अगोदर जाऊन ते लिहून ठेवलंय. त्यानं पिशवीतून कागद काढला, मांडीवर वही ठेवली आणि लिहीत लिहीतच वाचून दाखवलं. ‘रहेमानी हे गलबत अकरा नोव्हेंबर एकोणीसशे एकतीस रोजी या बंदरातून गेले. ते परत आल्याचा, अथवा कोठे असल्याचा, कोणताही पुरावा मला दाखविण्यात आलेला नाही. कंपनीने ते आपली मालमत्ता म्हणून धरले आहे. माझ्या मते ते तसे धरता येत नाही.’

खाडीत भरती चढत होती. साबेराबींनी सुपातला एक खडा वेचून ओट्याखाली टाकला.

‘बुडालं, असं नाय लिवलंत,’ त्या म्हणाल्या.

‘नाही. बुडताना मी पाहिलेलं नाही.’

‘येणार नाय, असंपण नाय लिवलंत.’

‘ते मला माहीत नाही.’

आणि हे म्हणताना त्याला पहिल्यांदा उमगलं, की त्या लखोट्यातल्या कागदानं आपल्याला नेमकं काय दिलं. मला माहीत नाही, हे चार लोकांसमोर, शाईनं, खाली स्वतःचं नाव घालून म्हणायचा हक्क. दिरानं तसं म्हटलं असतं तर त्याला निर्दय म्हटलं असतं. शेटनं म्हटलं असतं तर लबाड. त्या हक्कासाठी सात वर्षं लागली, दोन गचके लागले. एवढीशी गोष्ट, पण ती कुठून येते आणि किती खोल जाते, याचा त्याला ठाव लागेना. शेट, लाँच, धंदा, यातलं काही त्याच्या मनात उरलं नव्हतं.

‘तुम्ही भाट्याचे ना?’ साबेराबींनी विचारलं.

‘होय.’

‘अस्लमनाखव्याशी तुमची ओळख होती?’

‘नाही. कधी पाहिलंही नव्हतं.’

‘माझ्याशी काय घेणं? काय देणं?’

‘काहीच नाही.’

‘बरं झालं,’ त्या म्हणाल्या. ‘परका माणूस पायजे होता. आपल्या माणसाचं ऐकवत नाय. त्याच्या तोंडाकडं बघितलं की वाटतं, ह्याला माझ्यासाठी असं वाटतंय. तुम्हाला काय वाटतंय ते मला बघायला नको.’ त्यांनी सूप बाजूला सारलं. ‘पुन्हा एकदा वाचा.’

त्यानं पुन्हा वाचलं. या खेपेला त्यांचे ओठ त्याच्या पाठोपाठ हलत होते. वाचून झालं तेव्हा त्यांनी पदराला हात पुसले.

‘तारीख घातलीत?’

‘अजून नाही. शेटना दाखवून मग...’

‘शेटना मी सांगते. तुम्ही घाला. काजीसाहेब म्हणाले होते, तू कबूल होशील त्या दिवशी मी लिहून देईन, त्या दिवसापासून इद्दत. चार महिने दहा दिवस घरात बसायचं असतं आमच्यात, मालक गेला की. सवा तीन वर्षं मला दिवस मोजायला सुरवात कुठनं करायची तेच सापडत नव्हतं.’ त्यांनी बोटानं कागदावरची मोकळी जागा दाखवली. ‘तुमच्या कागदावरची आणि काजीसाहेबांच्या कागदावरची, तारीख एकच असू दे.’

हरिश्चंद्रानं कागद पुन्हा मांडीवरच्या वहीवर ठेवला. त्यानं सही केली आणि खाली तारीख घातली, २२ फेब्रुवारी १९३५. साबेराबींनी वाकून बघितलं. त्यांना अक्षरं येत नव्हती, पण आकडे येत होते. त्यांनी ते बोटानं एकेक करून वाचले. मग एका हातातली काकणं दुसऱ्या हातानं हळूच कोपराकडं, पदराआड सारली, उठल्या, आणि उंबऱ्याच्या आत जाऊन म्हणाल्या, ‘नसीमा, दार ओढून घे.’